एका माणसाची हवा

दुचाकीच्या टायरवर काहीतरी लिहा असा निरोप आला, तेव्हा मला हसूच आलं. टायरबद्दल माणूस दोनदा बोलतो, घेताना आणि पंक्चर झाल्यावर. मधल्या काळात तो खाली मुकाट्यानं फिरत असतो आणि त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. मी मात्र सगळी नोकरी तेच बघण्यात घालवली.

मी एका टायर कंपनीत क्लेम तपासायचो. गिऱ्हाइकाला वाटतं, आपला टायर लवकर गेला, मालच खराब होता. तो टायर दुकानदाराकडे आणून टाकतो. मग कंपनीचा माणूस येतो, टायर उलटापालटा करून पाहतो, आतून हात फिरवतो, आणि दोष कारखान्याचा की वापरणाऱ्याचा ते ठरवतो. तो कंपनीचा माणूस मी. माझ्याकडे मध्य प्रदेशातले धार आणि देवास असे दोन जिल्हे होते. घर धारला, गोदाम देवासला आणि मी बहुतेक वेळ रस्त्यावर.

आमचे लोक संस्थानाच्या काळात कारकुनीला म्हणून धारला आले आणि तिथलेच झाले. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी आणि माळवी. माझं लग्न राहून गेलं. कुणी मुद्दाम राहू दिलं असं नाही. मुलीकडचे लोक रविवारी बघायला यायचे आणि रविवारी मी कुक्षी नाहीतर कन्नौदला अडकलेला असायचो. पुढे विचारणंच थांबलं. भाऊ-वहिनीच्या घरात माझी एक खोली होती. उरलेल्या रात्री लॉजवर. ढाब्यावरचा पोऱ्या टेबल पुसून न विचारता एकच पेला ठेवायचा, इतका मी त्या रस्त्यांना ठाऊक होतो.

आता धंद्याचं थोडं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

गाडीचं आणि आपलं वजन रबर उचलत नाही, आतली हवा उचलते. हवा कमी असली की टायर बसतो, त्याच्या कडा घासतात, बाजूची भिंत दर फेऱ्याला दुमडते, तापते आणि तिला तडे जातात. हवा जास्त झाली की टायर फुगतो आणि मधला पट्टा तेवढा जमिनीला टेकतो. मग तो मधोमध झिजतो आणि रस्त्यावरची पकडही जाते. किती भरायची ते गाडीवरच चिकटवलेलं असतं. पुढच्या चाकाला एक आकडा, मागच्याला दोन: एकटे असाल तर एवढी, मागे कुणी बसणार असेल तर एवढी. सकाळी, गाडी थंड असताना मोजावी. उन्हातून धावून आलेल्या टायरमध्ये काटा जास्त दाखवतो, लोक घाबरून हवा सोडतात आणि दुसऱ्या दिवशी बसक्या टायरवर फिरतात. एवढं जरी सांभाळलं तरी टायर कितीतरी जास्त चालतो. हे मी जन्मभर सांगत आलो आणि माझ्यादेखत लोकांनी माना डोलावल्या.

न ऐकणाऱ्यांचीही कारणं असतात. धारला मांगीलाल नावाचा दूधवाला होता. त्याच्या टायरच्या बाजूच्या भिंती पार फाटलेल्या. मी विचारलं, एवढं ओझं लादतोस आणि हवा निम्मीच?

"भिया, पूरी हवा भरूं तो गाडी उछले. गाडी उछले तो दूध ढक्कन में से बाहर. आधा दूध तो रस्ता पी जाए."

मी क्लेम नामंजूर केला. तो म्हणाला, "टायर तो दूसरा आ जाएगा साहब, दूध दूसरा कहां से लाऊं?" त्याच्या कॅन लोखंडी आकड्यांवर लटकायच्या आणि प्रत्येक खड्ड्याला आदळायच्या. जुन्या ट्यूबचे तुकडे कापून त्या आकड्यांखाली बांध आणि मग हवा पूर्ण भरून बघ, असं मी जाता जाता सांगितलं. पुढच्या वेळी तो बाजारात दिसला तेव्हा त्यानं मला चहा पाजला आणि टायरचं नावही काढलं नाही. आमच्या धंद्यात हीच शाबासकी.

आणि डही गावच्या एक नर्सबाई. डोंगरातल्या वस्त्यांवर लसी घेऊन मोटारसायकलनं जायच्या. दुकानात आल्या आणि म्हणाल्या, "क्लेम नहीं है सर. बस इतना बता दीजिए, अब बदल दूं क्या?" टायर या कडेपासून त्या कडेपर्यंत सारखा झिजला होता. इतका सारखा झिजलेला टायर मी तोवर पाहिला नव्हता. त्यांच्या घरी पायानं मारायचा पंप होता आणि निघण्याआधी त्या स्वतः हवा बघायच्या. म्हणाल्या, "अकेली जाती हूं. उधर रस्ते में कोई मिलता नहीं." मी म्हटलं, बदला. त्या गेल्या. एवढीच भेट. पण तो टायर घरी न्यावा असं मला वाटलं होतं.

खरं सांगायचं ते खातेगांवचं.

खातेगांव देवास जिल्ह्याच्या पूर्वेच्या टोकाला आहे. दोन्हीकडे गहू नाहीतर सोयाबीन आणि मधून सरळ रस्ता. तिथल्या कैलासच्या दुकानात एक मागचा टायर माझी वाट बघत होता. मधला पट्टा दाढी केल्यासारखा गुळगुळीत, आणि कडेला मात्र नव्या टायरला असतात तसे रबराचे बारीक केस अजून शाबूत.

"पंडितजी का है," कैलास म्हणाला. "ये दूसरा है साहब. पहला भी ऐसे ही गया."

पंडितजींना बोलावणं गेलं. पांढरं धोतर, वर मोटारसायकलवाल्यांचं जाकीट आणि हातात हेल्मेट, असे एक म्हातारे गृहस्थ आले. आसपासच्या गावांत पूजा सांगायचे, नेमावरला नर्मदेच्या घाटावर लोकांची श्राद्धकर्मं करायचे, सगळं मोटारसायकलवर. माझं नाव ऐकलं आणि एकदम मराठीत म्हणाले, "म्हणजे आपण धारचे का? मी पाठक. बसा, बसा."

दौऱ्यावर मराठीचा मला काही उपयोग नसायचा. त्यामुळे ते 'बसा, बसा' मला अजून ऐकू येतं.

"पाठकबुवा, हवा किती भरता?" मी विचारलं.

"गाडीवर लिहिली आहे तेवढीच. छत्तीस."

"छत्तीस दोघांसाठी. एकट्याला अठ्ठावीस. मागे कोण बसतं?"

"आमचं कुटुंब बसतं." मग जाकिटाची चेन उगीच खाली-वर करत ते म्हणाले, "म्हणजे, बसत असे."

कैलास मान खाली घालून ट्यूब शोधायला लागला.

बुवा मला घरी घेऊन गेले. त्यांनी स्वतः चहा केला आणि कप पुढे ठेवत सगळं सांगितलं. काकूंना मोटारसायकलची भीती वाटे. हवा कमी असली की गाडी डोलते असं त्यांनी मनात घेतलेलं. म्हणून परगावी निघताना त्या नेमावर रस्त्यावरच्या पेट्रोल पंपावर गाडी थांबवायला लावायच्या. तिथे हवेच्या नळीवर रामसिंग. काकू उतरायच्या, पदर खोचायच्या आणि म्हणायच्या, "भैया, दो सवारी की हवा." मग पूजेची पिशवी मांडीवर घेऊन मागे बसायच्या.

"त्या गेल्या हे रामसिंगला ठाऊक नाही?"

"अख्ख्या गावाला ठाऊक आहे. तेराव्याला जेवून गेला की तो."

"मग?"

"मग काय, मी गाडी लावतो. तो काही विचारत नाही, मी काही सांगत नाही. तो छत्तीस भरतो." बुवांनी कप खाली ठेवला. "एका माणसाची भर, हे माझ्या तोंडून निघत नाही हो."

घाटावर बसून परक्या माणसांकडून गेलेल्याचं नाव-गोत्र मोठ्यानं वदवून घेणारा हा माणूस. मी फक्त धंद्यापुरतं बोललो. "टायर झिजतो ते सोडा. पण इतक्या हवेवर एकटा माणूस बसला की चाक जमिनीला नीट धरत नाही. कोरड्यात निभेल. ओल्या रस्त्यावर गाडी हातातून सुटेल."

"बघू," ते म्हणाले. क्लेम नामंजूर झाल्याचं त्यांना काहीच वाटलं नाही. उलट मी निघालो तेव्हा म्हणाले, "या रस्त्यानं आलात की येत जा. इथे मराठी बोलायचं म्हणजे मला देवांशीच बोलावं लागतं."

मी जात राहिलो. कैलासकडे काम असलं की त्यांच्याकडे चहा ठरलेला. ते त्यांच्या जुन्या मराठीत गावातल्या गोष्टी सांगायचे आणि मध्येच माळवीतलं 'अरे भिया' म्हणायचे. त्यांची मुलगी मंदा साताऱ्याला दिलेली. ती बोलावायची, पण तिकडे यांचं बोलणं ऐकून नातवंडं हसायची. "मला वाटे मी मराठीच बोलतोय," ते म्हणायचे. हवेचा विषय मी प्रत्येक वेळी काढायचो आणि ते प्रत्येक वेळी 'बघू' म्हणायचे.

सोयाबीनच्या कापणीच्या दिवसांत अवकाळी पाऊस झाला. ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर शेतातली काळी माती डांबरावर आली. त्या चिखलात बुवांची गाडी मागून घसरली आणि ते पडले. तिसऱ्या दिवशी मला कैलासचा फोन आला तेव्हा मी देवासच्या गोदामात होतो. हातातलं काम टाकून निघालो. रस्ताभर एकच विचार, की मागून एखादा ट्रक आला असता तर.

खांद्याजवळचं हाड मोडलं होतं. डोक्याला हेल्मेट होतं म्हणून बचावले. हात झोळीत अडकवून खाटेवर बसले होते. मंदा साताऱ्याहून आली होती. रडून रडून तिचे डोळे सुजलेले, पण आवाज खणखणीत.

"काका, तुम्हीच समजवा यांना. ही गाडी चालवायची वयं आहेत का? गाडी विकून टाका म्हणते आणि चला माझ्याबरोबर. इथे कोण आहे आता यांचं?"

बुवा तिच्याकडे न बघता मला म्हणाले, "दिनकरराव, तुम्ही या विषयातले. टायर बघा आणि खरं सांगा. मी पडलो तो वयामुळे की हवेमुळे?"

मंदा म्हणाली, "हो, सांगा. काका जे म्हणतील ते मला मान्य."

गाडी अंगणात भिंतीला टेकवून ठेवली होती. मी उकिडवा बसलो. पिशवीतून माझा हवेचा काटा काढला आणि मागच्या चाकाला लावला. एक्केचाळीस. पंपावरचा काटाच कमी दाखवत होता, म्हणजे छत्तीस म्हणून बुवा त्याहूनही जास्त हवेवर फिरत होते. टायरचा मधला पट्टा पुन्हा गुळगुळीत. त्यात चिखल भरला की धरायला काही उरत नाही. मी पुढचं चाक बघितलं, ब्रेक बघितले. सगळं ठीक. नोकरीत मी किती टायरांचे निकाल दिले असतील, पण तेव्हा दोन माणसं वाट बघत नसायची. बुवांना घर सोडायचं नव्हतं. मंदाला पुन्हा असा फोन नको होता. आणि मला, खरं सांगायचं तर, खातेगांवातलं हे दार बंद व्हायला नको होतं. म्हणून मी काटा पुन्हा एकदा लावून बघितला. तोच आकडा.

आत येऊन म्हणालो, "या वेळी पडलात ते हवेमुळे. पण हवा तुम्ही आताही कमी केली नाहीत, तर पुढच्या वेळी मी वयामुळे म्हणेन आणि मंदाच्या बाजूनं उभा राहीन."

मंदा उठलीच. "मग आत्ताच सोडा ना काका जास्तीची. तुमच्याकडे काटा आहे."

दोन मिनिटांचं काम होतं. मी उठायला लागलो तेव्हा बुवांनी चांगल्या हातानं माझं मनगट धरलं.

"नको," ते म्हणाले. "तुम्ही नको. ते माझं मी सांगेन."

मंदाला काही कळलं नाही. "कुणाला सांगणार?" तिनं मला विचारलं. मी म्हटलं, "जाऊ दे. ते करतील." तिनं माझ्याकडे संशयानं बघितलं. पण तिनं शब्द दिला होता. हाड जुळेपर्यंत ती राहिली आणि एकटीच साताऱ्याला परत गेली.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर बुवांनी मला फोन केला. "या बाजूला कधी येताय?" एवढंच. मी गेलो. ते त्यांच्या गाडीवर, मी माझ्या, असे दोघं हळूहळू पंपापर्यंत आलो. मी मुद्दाम लांब, झाडाखाली थांबलो.

रामसिंग नळी घेऊन आला. वाकून नमस्कार केला, हाताची चौकशी केली आणि सवयीनं मागच्या चाकाशी बसला. बुवा गाडीवरून उतरले. जाकिटाची चेन वर केली, खाली केली. मागे एक ट्रॅक्टरवाला खोळंबला होता. त्यानं हॉर्न वाजवला.

"रामसिंग," बुवा म्हणाले. "दो सवारी की नहीं. एक की भर."

रामसिंगचा हात थांबला. "जी."

"अब एक ही हूं."

"मालूम है पंडितजी." तो वर बघेना. "मैं तो रोज सोचता था, आज बोलेंगे. आप नहीं बोले तो मैं कैसे बोलता? अम्माजी को कम हवा से डर लगता था ना."

बुवांनी मान हलवली. मग ते पंपाच्या कठड्यावर बसले आणि उपरणं तोंडाला लावलं. ट्रॅक्टरवाल्यानं पुन्हा हॉर्न वाजवला तसा रामसिंग उठला आणि इतका मोठ्यानं ओरडला, की तो मुकाट्यानं ट्रॅक्टर बाजूनं काढून गेला. मग रामसिंगनं चाकातली हवा सोडली. तो सुस्कारा माझ्यापर्यंत ऐकू आला. काटा कमी दाखवतो हे मी त्याला आधीच सांगून ठेवलं होतं. त्यानं तेवढा हिशेब धरून अठ्ठावीस केली आणि झाकण घट्ट लावलं.

परतताना बुवा माझ्या पुढे होते. घराशी आल्यावर म्हणाले, "गाडी मऊ चालते." मी म्हटलं, "तशीच चालायला हवी." चहा न घेता निघालो. त्या दिवशी त्यांना एकटं असू द्यावं असं वाटलं.

त्यानंतर कैलासनं नवा टायर घातला, तो मग उत्तम झिजायला लागला. मधून आणि कडेनं सारखा. कैलासला मी विचारायचो तर तो हसायचा, "पंडितजी का? अभी तो जवान है साहब." खातेगांवहून क्लेम येईनासे झाले. तिथल्या पोरांनाही बुवा हवेवर प्रवचन द्यायचे म्हणे. क्लेम नाही म्हणजे माझा फेरा नाही. कंपनी कामाशिवाय कशाला पाठवेल? काम नीट झालं की आमची गरज संपते, आणि हे मी पूर्वी अभिमानानं सांगायचो.

मग मी निवृत्त झालो. भाऊ-वहिनी मुलाकडे पुण्याला गेले. धारच्या घरात सगळ्या खोल्या माझ्या झाल्या आणि मी त्या माझ्या जुन्या खोलीतच राहिलो. नोकरीत असताना लॉजवर मला वाटे की घरी गेलं म्हणजे बरं वाटेल. आता घरी होतो. फोन वाजला तर तो कुठल्यातरी बँकेचा. दिवसदिवस मराठी शब्द तोंडातून निघायचा नाही. देवापुढे दिवा लावताना स्तोत्र म्हणायचो, तेवढंच.

एके दिवशी सकाळी उठलो, सवयीनं हवा बघितली आणि गाडी काढली. कुठे जायचं ते इंदूर ओलांडेपर्यंत मी स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं. धार ते खातेगांव म्हणजे माझ्या वयाला जास्तच. पाठ धरली. कन्नौदला थांबून चहा घेतला आणि वाटलं, परत फिरावं. काय सांगणार तिथे जाऊन? पिशवी नाही, काटा नाही, तपासायला टायर नाही. आयुष्यात मी कुणाच्याही दारात गेलो तो काम घेऊनच गेलो होतो. नुसतं जायचं कसं, ते मला येत नव्हतं.

तरी गेलो. बुवा ओटीवर दर्भ निवडत बसले होते. आणखी वाळले होते. गाडीचा आवाज ऐकून त्यांनी मान वर केली आणि घाईघाईनं उठले.

"दिनकरराव! आज कसं काय? कैलासकडे काही काम निघालं का?"

"नाही," मी म्हटलं. "काम काही नाही."

मी हेल्मेट हातात घेऊन पायरीशी उभा. मग ते आत गेले. भांडी हलल्याचा आवाज आला, नळ सुटला. पाण्याचा तांब्या घेऊन ते बाहेर आले आणि तो माझ्यापुढे धरत म्हणाले, "मग आज जेवूनच जा. काम असलं की तुम्ही कधी थांबत नाही."